न सांधणारं हाड

शुभाने नवा एक्स-रे दिव्यासमोर धरला. आठ आठवडे झाले तरी उजव्या हाताच्या करंगळीमागच्या हाडाची चीर तशीच होती. तशीच कसली, जरा रुंदच झाली होती.

"मशीन डब्बा आहे तुमचं," राजेश सरांनी टेबलावर हात आपटला. "महिन्याभरात निवड चाचणी आहे. पोरीचा चान्स गेला ना, तर सोडणार नाही तुम्हाला."

पोरगी म्हणजे कल्पिता, माहुलच्या कोळीवाड्यातली एकोणीस वर्षांची बॉक्सर. राजेश सर तिचे प्रशिक्षक, आणि वर्षभर ती नाहूरला त्यांच्याच घरी राहत होती. आताही ती खाली मान घालून बसली होती. शुभाने तिला पाण्याचा ग्लास पुढे केला. कल्पिताचा धडधाकट डावा हात ग्लासाच्या बोटभर अलीकडेच मिटला. ग्लास खाली पडला.

"सॉरी, ताई."

राजेश सरांनी तिला घाईने उठवलं आणि बाहेर नेलं.

शुभा या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं चुंबकाचं यंत्र तिनेच कल्पिताला दिलं होतं. हाताभोवती कडं बांधायचं, रोज तीन तास. चुंबकीय लहरींनी हाड जुळायला मदत होते. इथे उलटंच चाललं होतं.

"तक्रार झाली तर नाव तुझं येणार," दवाखान्याचे मालक म्हणाले. "सोमवारपर्यंत कारण शोध. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

शनिवारी दुपारी शुभा राजेश सरांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, वनमालाने, जाळीचं दार उघडलं. शुभा आत येताच पुन्हा कुलूप लावून तिने किल्ली कमरेला खोचली.

"सरांची ऑर्डर आहे. पोरीचं लक्ष उडतं म्हणतात."

कल्पिताची खोली पलंगाएवढी होती. खिडकीला गज, दारामागे वजनकाटा. शुभाला तिथे दोन मिनिटांत गुदमरल्यासारखं झालं.

तिने यंत्र सुरू केलं. हिरवा दिवा लागला. आवाज काहीच नाही. मोबाइलमधलं होकायंत्र कड्याजवळ नेताच सुई थरथरायला लागली. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. तासांचा आकडा होता एकशे अडुसष्ट. छप्पन्न दिवस, रोज तीन तास. एकही दिवस चुकला नव्हता.

"मोबाइल कुठाय तुझा?"

"सरांच्या कपाटात."

"आईशी बोलतेस?"

"रविवारी. स्पीकरवर. सर समोर असतात."

शुभा स्वयंपाकघरात गेली.

"वहिनी, ही यंत्र रोज लावते?"

"रोज. चार ते सात, दार लावून. मला इथे ऐकू येतं ना चालू असलेलं. ठक... ठक..."

"सर तेव्हा कुठे असतात?"

"क्लबात."

"आणि बाहेरचं कोणी?"

"किल्ली माझ्याकडे. कोण येणार?"

शुभा क्षणभर थबकली. मग खोलीत जाऊन तिने पलंग पुढे ओढला. मागच्या भिंतीचा रंग वाटीएवढा उडाला होता. कल्पिता हलली नाही.

शुभाने राजेश सरांना फोन लावला. "कारण सापडलंय. घरी या."

ते आले ते तणतणतच. "बोला. कोणी बिघडवलं मशीन?"

"कोणीच नाही. ते रोज तीन तास चाललं, पण कडं हाताला नाही, उशीला बांधून. वहिनी, या यंत्राला आवाजच नाही. तुम्ही ऐकलात तो भिंतीचा. खोलीत त्या वेळी फक्त कल्पिता असायची. हाताला आधार देणारी स्प्लिंट काढून ती तुटलेला हात भिंतीवर मारत होती."

राजेश सर पुढे सरसावले. शुभा मध्ये उभी राहिली.

"ओरडू नका. तिने असं का केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. समोरचा ग्लास तिला धरता आला नाही. मी काही विचारण्याआधी तुम्ही तिला बाहेर काढलंत. कल्पिता, डोळ्याला काय झालंय?"

कल्पिताने मान वर केली.

"मार्चच्या फाइटपासून डाव्या डोळ्यापुढे सावली येते," कल्पिता म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याला चीर आहे. ऑपरेशन करा. परत मार लागला तर डोळा जाईल. सर म्हणाले, मेडलनंतर बघू, आईला कळता कामा नये. हात जुळला असता तर मला रिंगमध्ये उतरावंच लागलं असतं, ताई. दुसरं काय करणार होते मी?"

"खोटं बोलतेय!" राजेश सर ओरडले.

"मला म्हणालात, चष्म्याचा नंबर लागलाय," वनमाला हळूच म्हणाली.

ती कपाटाकडे गेली. नवऱ्याच्या हाकेला तिने ओ दिली नाही. मोबाइलच्या खालीच डोळ्याच्या डॉक्टरांचा कागद घडी करून ठेवला होता. कागद तिने शुभाला दिला, मोबाइल कल्पिताला. मग जाऊन जाळीचं कुलूप काढलं.

कल्पिताने नंबर लावला. स्पीकर न लावता.

"आये, मना नेवाला ये."

तिची आई मथुरा मासळीची टोपली बाजारातच टाकून निघाली, तरी माहुलहून पोचायला तिला तास लागला. तोवर कल्पिता चप्पल घालून जिन्यात बसून राहिली. वनमालाने चहा आणला, आत ये म्हणाली. कल्पिताने मान हलवून नाही म्हटलं. शुभा तिच्या शेजारी पायरीवर टेकली आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावून आजचीच वेळ मागू लागली.