डोकं नसलेले फोटो

"हसा जरा," फोटोवाला म्हणाला, आणि थोरलीला रडू फुटलं.

खरं तर त्या दुकानात असं कुणी रडत नसे. फोटोवाला समोर बसलेल्या प्रत्येकाला हे दोनच शब्द म्हणायचा, त्यामुळे आजूबाजूचे लोक पाठीमागे त्याला 'हसाजरा'च म्हणत. गंमत अशी की हसाजरा स्वतः कधी हसत नसे. त्याने मुकाट्याने दिवा मालवला, पाण्याचा ग्लास थोरलीच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून मागचा पडदा उगाचच सारखा करत राहिला. बाहेर दिवसभराची झड लागली होती. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि दुकानात कोंदट अंधार होता.

"माफ करा," ती नाक पुसत म्हणाली. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून ती पार्सल ऑफिसातून परस्पर इकडे आली होती. "तुमचं काही चुकलं नाही. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं... बाबांचा पाय काढावा लागणार. उजवा, गुडघ्याखालून. जखम भरतच नाहीये."

तो वळला. "तुमचे बाबा म्हणजे... ते पोस्टमन होते ते? जिना एका दमात चढायचे?"

"तेच."

त्याने तिच्या हातातला ग्लास घेतला आणि पुन्हा भरून दिला. तिला बरं वाटलं. सकाळपासून जो तो धीरच देत सुटला होता.

धाकटीचं लग्न होऊन ती लांब निघून गेली, तरी घरात हिला थोरलीच म्हणत. घरात आता तिघंच: आई, बाबा आणि ती. बाबांच्या पायाला जन्मभर भिंगरी लागलेली. नोकरी संपली तरी भिंगरी थांबली नाही. कुणाचं औषध आण, कुणाच्या दाराची कडी बसवून ये, काही नसलं तर नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. अशा माणसाचा पाय जाणार, हे तिला अजून खरंच वाटत नव्हतं.

"तुम्ही घरी येऊन फोटो काढता का?" तिने विचारलं. "साधेच. दाढी करताना, दार उघडताना... चालतानाचे. पाय आहे तोवर."

"येईन की. पण मी आलो की ते चालायचे थांबतील. केस विंचरून उभे राहतील. सगळे तसंच करतात." तो जरा घुटमळला. "घरातले फोटो घरातल्याच माणसाने काढावेत. तुम्ही काढा."

"मला कॅमेरा धरतासुद्धा येत नाही."

"मी शिकवतो ना—" तो बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झालेले तिला त्या अंधारातही दिसले.

तो काळ रोलचा होता. फोटो काढायचा, दुकानात द्यायचा आणि काय आलंय ते कळायची वाट बघायची. बाबांना निरोपाच्या वेळी ऑफिसातल्यांनी दिलेला कॅमेरा कपाटावर खोक्यातच पडून होता. थोरली दुसऱ्या दिवशी तो घेऊन आली. फोटोवाल्याने त्याच्यावरची धूळ फुंकली, भिंग पुसलं आणि शिकवायला सुरुवात केली. शिकवताना तो तिच्या हाताला हात लावत नसे. पेन्सिलीच्या टोकाने दाखवायचा.

"कोपर अंगाशी. हं. आता श्वास घ्या, अर्धा सोडा... आणि मग दाबा."

"उरलेला अर्धा कधी सोडायचा?"

"फोटो निघाल्यावर."

"आणि तोवर माझा जीव गेला तर?"

"फोटो तरी चांगला येईल," तो गंभीरपणे म्हणाला. थोरली हसली. डॉक्टरांकडून आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि हसल्याबद्दल तिला लगेच अपराधीही वाटलं.

पहिला रोल तिने दोन दिवसांत संपवला. बाबा पायऱ्या उतरताना, बाबा चपला शोधताना, आई त्यांच्या मागे ओरडत जाताना. मोठ्या उमेदीने ती दुकानात गेली, तर फोटोवाला काउंटरमागे विचित्र चेहरा करून उभा. ओठ घट्ट मिटलेले, डोळे दुसरीकडेच.

"काय झालं?"

त्याने दोन-तीन फोटो पुढे सरकवले. पायऱ्यांवर एक माणूस होता, पण त्याला डोकं नव्हतं. दुसऱ्यात आई होती असं आपलं हातातल्या भांड्यावरून कळत होतं. मानेच्या वर काही नाही.

"सगळे असेच?"

"सगळे. चपलांपर्यंत सगळं आलंय... फक्त माणूस कोण ते कळत नाही." आणि मग त्याला राहवलं नाही. हसाजरा हसला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "तुम्ही ऑफिसात काय काम करता?"

"पार्सलांवर शिक्के मारते."

"वाटलंच मला. अहो, हे बटण आहे. तुम्ही त्याच्यावर शिक्का मारताय. इतक्या जोरात दाबलं की कॅमेरा मान खाली घालतो, मग डोकी कापली जाणारच."

थोरलीचा चेहरा पडला. तिला हसू आलं नाही. ऑपरेशनची तारीख पुढच्या सोमवारची पडली होती आणि हातात काय, तर मुंडकी उडवलेली माणसं. उरलेले फोटो तिने पाहिलेसुद्धा नाहीत. "फेकून द्या ते सगळे," ती म्हणाली. "नवा रोल भरून द्या."

तिचा आवाज ऐकून तो चपापला. मुकाट्याने नवा रोल काढून त्याने कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. आपण उगाच तोडून बोललो असं तिलाही वाटलं, म्हणून दाराच्या चौकटीला टेकून ती सांगत राहिली... बाबा रात्री टपालाची पिशवी उशाशी घेऊन झोपायचे, लहानपणी आपण त्या पिशवीत बसून घरभर फिरलो, आई म्हणायची हिला एकदाची तिकीट लावून पाठवून द्या. बाहेरचा करडा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. बोलता बोलता तिने वर पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. बोटं रोलवर, नजर भलतीकडे. दोघांनीही लगेच डोळे वळवले. खट्‌कन दार बंद करून त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला.

"हळू दाबा," तो म्हणाला. "पिकलेलं फळ चाचपतो ना, तसं."

या वेळी तिने जीव ओतला. कोपर अंगाशी, श्वास अर्धा. बाबा उभे राहून दाढी करताना. बाबा खिडकीपासून पलंगापर्यंत. रविवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." दुखणारा पाय ओढत, वाटेतल्या प्रत्येक दाराकडे बघत ते चालले, आणि ती पुढे-मागे धावत फोटो काढत राहिली. आई दारातच थांबली होती. परत आल्यावर बाबा पायरीवर बसले आणि उजवा पाय हाताने चोळत राहिले.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी दवाखान्यातून निघून ती तडक दुकानात गेली. डोळे जागरणाने सुजले होते, पण कॅमेरा काउंटरवर ठेवताना चेहऱ्यावर थोडा उजेड होता.

"छत्तीसचा रोल होता ना? मी दोन जास्तच काढले. संपेचना."

फोटोवाल्याचा हात थबकला. रोल गुंडाळायची कळ त्याने फिरवली. ती भसाभस फिरली, आत काही नसल्यासारखी. त्याने पुन्हा फिरवली. मग तो हळूच खुर्चीवर बसला.

"काय झालं?" तिने विचारलं. "पुन्हा डोकी उडाली?"

"रोल पुढे सरकलाच नाही. त्याची पट्टी आतल्या दात्यांत अडकलीच नव्हती. आकडा पुढे जात राहिला, पण... त्यात काही नाही."

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि तिने काउंटरची कड घट्ट धरली. पायरीवरून उठणारे बाबा. रविवारची संध्याकाळ. काहीच नाही.

"मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार," ती पुटपुटली.

तो हो म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता. नवशिक्याची चूक, कुणाच्याही गळी उतरली असती. पण तो म्हणाला, "तुमची चूक नाही. रोल मी भरला होता. भरताना मी बघत नव्हतो."

"कुठे बघत होता मग?"

त्याने कॅमेरा तिच्याकडे सरकवला. "तुमच्याकडे," तो म्हणाला.

एरवी हे शब्द ऐकायला ती आतुर झाली असती. खोटं कशाला बोला, दुकानातून घरी जाताना तिचे ते मनातल्या मनात दोन-चारदा ऐकूनही झाले होते. पण त्या क्षणी तिला ते ऐकवले नाहीत. तिने कॅमेरा उचलला आणि एक शब्द न बोलता ती बाहेर पडली. त्याच्यावर राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर होता, कारण त्या दिवशी तीही त्याच्याकडेच बघत होती.

बाबा घरी आले ते चाकांच्या खुर्चीवर बसून. आईने खुर्ची मुद्दाम खिडकीशी ठेवली, तर त्यांनी ती भिंतीकडे वळवून घेतली. जेवण ठेवलं की जेवत, विचारलं की हूं म्हणत. एवढा बोलका माणूस, त्याच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. थोरली शिक्के मारून घरी यायची, कॅमेऱ्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

एका ढगाळ दुपारी दार वाजलं. फोटोवाला उभा होता, बगलेत पुठ्ठ्याचं पाकीट, चेहऱ्यावर मार खायला आल्यासारखा भाव.

"तुम्ही फेकून द्या म्हणाला होता," तो दारातूनच म्हणाला. "मी फेकले नव्हते. पहिला रोल. काल पुन्हा काढून बघितला, तेव्हा लक्षात आलं."

तिने त्याला आत घ्यावं की नको, ते ठरायच्या आधीच आतून बाबांचा आवाज आला. "कोण आहे? येऊ दे."

त्याने फोटो बाबांच्या मांडीवर ठेवले. मोठे करून छापले होते. बाबांनी पहिला उचलला. डोकं नसलेला माणूस पायऱ्या उतरत होता. उजवा पाय खालच्या पायरीवर, टाच जराशी उचललेली. दुसऱ्यात तेच पाय चपला शोधत होते. तिसऱ्यात अंगण, क्षणभर पडलेल्या उन्हातली ओली जमीन आणि दाराबाहेर निघालेली पावलं. एकामागून एक, सगळ्यांत पायच पाय. आई पदराने नव्हे, भिजलेल्या हातानेच डोळे पुसत मागे येऊन उभी राहिली.

बाबा कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. "हा मीच. माझी टाच अशीच पडते. चांभार नेहमी म्हणायचा, तुमची उजवी चप्पल आतून झिजते." त्यांचा आवाज चिरकला. ते रडले, अगदी उघडपणे, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

थोडं सावरल्यावर ते थोरलीकडे वळले. "तोंड पाडून काय बसलीस? पाय आलेत ना तुझ्या फोटोत? डोकं अजून आहे माझ्याकडे. ते केव्हाही काढ." मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "आणि ही जमिनीवर सावली कुणाची? कोपरं बाहेर काढलेली?"

"माझी," थोरली म्हणाली.

"हे फेकून का नाही दिलेस रे?" बाबांनी फोटोवाल्याला विचारलं.

तो खाली बघत राहिला. "त्या सावलीसाठी ठेवले होते," तो म्हणाला. "पाय नंतर दिसले."

आई अचानक चहा ठेवायला आत गेली. बाबांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडून खिडकीकडे, आणि बाहेर काहीतरी फार बघण्यासारखं असल्यासारखे बघत बसले.

थोरली त्याला पोचवायला पायरीपर्यंत आली. आभाळ तसंच भरलेलं, अंगण तसंच ओलं. त्याने खिशातून नवा रोल काढला आणि तिच्यापुढे धरला, पण द्यायचं धाडस होईना.

"मी भरणार नाही," तो म्हणाला. "माझा भरवसा नाही. आजही नजर जागेवर राहायची नाही."

थोरलीने आतून कॅमेरा आणला. पायरीवर बसली, त्याचं मागचं दार उघडलं आणि रोल त्याच्या हातातून घेतला. बोटं बोटांना लागली. या वेळी पेन्सिल नव्हती.

"तुम्ही बघा खुशाल," ती मान वर न करता म्हणाली. "रोल मी भरते."

रोलची पट्टी तिने दात्यांत नीट अडकवली, एकदा ओढून पाहिली, आणि मग दार लावलं. आत बाबा आईला विचारत होते, कंगवा कुठे ठेवलाय म्हणून.