गंगाबाईची सही

पवित्रा, तो फोन खाली ठेव आधी. करंट गेलाय तर जाऊ दे, येईल तेव्हा येईल. सूर्या, तू नीट वर चढून बस, पाय ओट्याखाली सोडू नकोस. का म्हणून विचारू नकोस. मी रचलेलं काही सांगत नाही, घडलेलं सांगतो. शाळेत माझ्या वर्गात होता त्या शामसुंदरचं.

गेल्या वर्षीची नवरात्रातली नवमी, सरस्वतीपूजेचा दिवस. शामसुंदर सकाळची बस धरून नाचियार्कोविलला, समया घडवणाऱ्यांच्या गावी, गेला होता. देवघरातल्या समईची मान मोडली होती, ती जोडून आणायची होती. दुपारी समई कापडात गुंडाळून घरी येतो, तर दारात कृष्णकुमारच्या चपला. झालं! तोंडच उतरलं त्याचं.

कृष्णकुमार म्हणजे शामसुंदरच्या धाकट्या बहिणीचा, धनलक्ष्मीचा नवरा. दारासुरमला राहतो. दोघांना एकच वेड. कलावंतांच्या सहीची पुस्तकं, मैफलींच्या जुन्या पत्रिका, कुणाचे घुंगरू, कुणाच्या चिपळ्या. कुठे लिलाव निघाला की दोघंही पुढच्या खुर्चीत. एकाच्या हाताला काही लागलं की दुसऱ्याची झोप उडाली. त्यातही शामसुंदर जास्त जळका. माझा मित्र आहे, पण खरं ते खरं.

त्या महिन्यात पापनाशमच्या लिलावात कृष्णकुमारनं काय मिळवलं होतं ठाऊक आहे? हरिकथा करणाऱ्या गंगाबाईचं पदांचं पुस्तक, आणि तेही तिच्या सहीचं! बाई कुणाला सही देत नसे. तरुणपणी शामसुंदर कथा संपल्यावर वही घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, तर भर मंडपात म्हणाली, "तू कथेत झोपला होतास रे. झोपलेल्याला कसली सही?" सगळे हसले. कृष्णकुमार सगळ्यांत मोठ्यानं. पुढे बाई वारली, पण ते हसणं शामसुंदरच्या पोटात तसंच राहिलं. लिलावात हात वर करून करून दमला बिचारा. शेवटी खाली घ्यावाच लागला.

आता आपल्या घरातली रीत तुम्हाला माहीत आहे. नवमीला पुस्तकं पूजेला मांडायची. दशमीची सकाळ उजाडेपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही, हात लावायचा नाही. शामसुंदरकडे साऱ्या कुटुंबाची पुस्तकं थोरल्याच्या घरी मांडतात, आणि थोरला तोच. म्हणून कृष्णकुमार ते पुस्तक घेऊन आला होता.

"अण्णा, एक रात्र बाई तुमच्या घरी राहील," म्हणाला. आणि हसला. मेल्याला हसायची काय गरज होती?

पूजा झाली. पुस्तकांवर रेशमी वस्त्र घातलं. शेजारी परातीत तांदूळ पसरून ठेवले, सकाळी नातवाचा, बालाचा, हात धरून पहिली अक्षरं गिरवून घ्यायची होती. सगळे झोपले. शामसुंदरला कुठली झोप! माझं घर, माझं देवघर, आणि पुस्तक तेवढं त्याचं... हेच डोक्यात. शेवटी उठला. दाढीचं पातं घेतलं. सहीचं पान कापायचं आणि फाडून टाकायचं. मला नाही ना, मग त्यालाही नको.

समई तेवत होती. त्यानं वस्त्र उचललं. पुस्तक उघडलं. सही मोडीत होती, आपल्या जुन्या लिपीत. शामसुंदर तमिळ शाळेत शिकलेला, त्याला मोडीचं एक अक्षर येत नाही. तरी बघत बसला. मग पातं टेकवलं...

आणि हातावर हात आला.

गार. म्हाताऱ्या बाईचा. मागून आलेला.

पातं पडलं. आवाज झाला नाही. त्यानं हात ओढला. सुटेना. बायकोला हाक मारली... नुसताच श्वास. तो हात त्याला परातीकडे घेऊन गेला. बोट तांदळात टेकवलं. गिरवलं. पुसलं. परत गिरवलं.

कानाशी कुणी तरी म्हणालं, "झोपू नकोस हं."

रात्रभर...

सूर्या, सरक इकडे. दाराकडे काय बघतोस?

पहाटे त्याची बायको अलमेलू उठून आली, तर हा परातीपुढे बसलेला. डोळे उघडे. तांदूळ सपाट. पुस्तक वस्त्राखाली, सही जागच्या जागी. कृष्णकुमार येऊन पुस्तक घेऊन गेला, यानं मान वर केली नाही. मला सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, जळून जळून स्वप्नं पडायला लागली तुला.

मग परवा मी त्याच्याकडे बसलो असताना कुरियरवाला आला. फोन पुढे केला, "इथं बोटानं सही करा, सार." शामसुंदर मागे सरकला. "अलमेलू करील." अलमेलू देवळात गेलेली. मी म्हटलं, "अरे कर की! जन्मभर तमिळमध्ये सही करत आलास, आता काय झालं?"

त्यानं काचेवर बोट टेकवलं. तोंड दुसरीकडे फिरवलं. बोट आपलं आपण चाललं... भराभर. मोडीत.

आजोबांनी मला मोडी शिकवली होती. मी वाकलो. गंगाबाईची सही, तिच्याच वळणाची. आणि तिच्यावर आणखी एक ओळ. पुस्तकात ती नव्हती, पुस्तक मी पाहिलंय.

"चिरंजीव कृष्णकुमार यांस आशीर्वाद."

कुरियरवाला फोन खिशात घालून गेला. शामसुंदरनं माझं मनगट धरलं. "कुठेही सही करायला गेलो की हेच उमटतं रे. मला वाचता येत नाही. तिचीच आहे ना? मला दिली ना तिनं?"

त्याचं तोंड असं उजळलं होतं, की काय सांगू... मी म्हटलं, "होय रे. तिचीच."

वरची ओळ त्याला अजून ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.