तिसऱ्या हाकेला ओ

बिघाड सापडण्याआधीची वेळ मला फार आवडते. परळच्या नारळवाली चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये शनिवारी सकाळी दहाला मी शिरले, तेव्हा माझी स्वारी भलतीच खुशीत होती. लिफ्टवाल्यांचे तीन इंजिनियर हात टेकून गेले होते, म्हणून मला बोलावणं आलं होतं. असं बोलावणं म्हणजे मला मेजवानीच.

बिघाड ऐकायला सोपा होता. लिफ्टचा मुख्य बोर्ड तळमजल्यावर, दाराशेजारच्या पेटीत. बावीस मजल्यांवर बटणांच्या मागे एकेक छोटं कार्ड. सगळ्यांना जोडणारी दोन तारांची एकच जोडी, तिला आम्ही कॅन बस म्हणतो. बोर्ड तारेवर निरोप टाकतो, म्हणजे हाक मारतो म्हणा. ज्यांना ज्यांना हाक नीट ऐकू जाते ती सगळी कार्डं त्याच क्षणी, एकदम ओ देतात. कुणीच ओ दिली नाही तर ठरलेली वेळ संपते आणि बोर्ड लिफ्ट बंद पाडतो. इथे गेला महिनाभर हेच चाललं होतं. टाइमआउट, टाइमआउट, टाइमआउट.

"मॅडम, चारला इन्स्पेक्टर येणार," निलेशदादा म्हणाले. ते लिफ्टचे फिटर आणि याच चाळीत वाढलेले. "आज पास नाय झाली तर पुढची तारीख दीड महिन्याने."

"दीड महिना काय, जेवायच्या आत देते करून."

ते हसले नाहीत. दारापाशी व्हीलचेअरमध्ये एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पायावर शाल, मांडीवर कापडी पिशवी. "आमचे अप्पा. राजाराम नाव. सकाळी सातला मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पातून आणलंय. चाळ पाडल्यापासून पाच वर्षं तिथेच. चाळीतली निम्मी माणसं तिकडेच संपली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर बोलतात, पंधरा दिवस. फार तर वीस. उचलून नेऊ नका, छातीला झेपायचं नाय. आणि आमची खोली चौदाव्या मजल्यावर."

मी लॅपटॉप उघडला.

तारांच्या टोकांचा रोध मोजला. साठ ओहम, हवा तेवढाच. वेग जुळत होता. बोर्डाचं घड्याळ ठीक होतं. मग आधीच्या इंजिनियरने केलेली एक गोष्ट सापडली आणि मी टाळीच वाजवली. त्याने बोर्डाला एकदाच हाक मारायला सांगितलं होतं. एरवी ओ आली नाही की बोर्ड पुन्हा पुन्हा हाक मारत राहतो. तो पुनरुच्चार बंद होता. मी चालू केला.

निरोप गेला. बोर्डावरचा लाल दिवा हिरवा झाला.

"झालं!" मी ओरडले. निलेशदादांनी चक्क हात जोडले.

पण मला कोडं सुटेना. पहिल्या हाकेलाच का नाही? तारांतले इशारे पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मी लावला आणि शंभर निरोप पाठवले. पहिली हाक, ओ नाही. दुसरी हाक, ओ नाही. तिसरी हाक, ओ. शंभरच्या शंभर वेळा. सैल तार अशी मोजून वागत नाही. चुकतंय ते कुठलं कार्ड, हे शोधायला मी आणि निलेशदादा जिना चढत एकेक कार्ड काढत गेलो. बाविसावं काढून खाली आलो तेव्हा दीड वाजला होता, पाय भरून आले होते, आणि मला भूक नव्हती.

आता तारेवर एकटा बोर्ड होता. ऐकायलाच कुणी नाही, तर ओ कुठून येणार?

पहिली हाक. दुसरी हाक. तिसरी.

हिरवा.

बोर्डाने स्वतःच स्वतःला उत्तर देण्याची एक सोय असते, ती बंद होती. मी दोनदा तपासलं. मग पडद्यावर ओ पाहिली. एका कार्डाची ओ म्हणजे पडद्यावर एक ठेंगणा खांब. अनेकांनी एकदम दिली की खांब थोडा उंच होतो. सकाळी बावीस कार्डांचा खांब मी पाहिला होता. हा त्याहून उंच होता.

अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू, आनंदानेही आला. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दादा, कुणीतरी ओ देतंय. पण तिसऱ्या हाकेलाच."

दारातून अप्पा म्हणाले, "मगे बरोबर हा. पयल्या हाकेक ओ देव नये, गो. दुसऱ्या हाकेक पण नाय. कोण हाक मारता, काय म्हायत? तिसऱ्या हाकेक द्यायची. आमच्या चाळीत सगळ्यांका तसाच शिकवलेला हा."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन.

कारण शोधत बसले असते तर चार वाजले असते. मी पुनरुच्चार चालूच ठेवला, टाइमआउटची वेळ तीन हाकांना पुरेल एवढी वाढवली, आणि आम्ही सगळी कार्डं परत बसवली. बावीस नवीकोरी कार्डं. तीही पहिल्या दोन हाकांना गप्प.

इन्स्पेक्टर चारला आले. लिफ्ट बावीस मजले वरखाली करून पाहिली, सही केली, चहा न घेता गेले.

निलेशदादांनी अप्पांची खुर्ची आत घेतली. पंधरा माणसांची लिफ्ट, आत दोघंच. मी बाहेर, लॅपटॉपपाशी.

दार मिटेना. आतून बझर वाजू लागला.

ओव्हरलोड.

माझ्या पडद्यावर वजनाचा आकडा अकराशे चाळीस किलो दाखवत होता. बाप-लेक आणि खुर्ची मिळून दीडशेही भरत नव्हते.

निलेशदादांनी खुर्ची घट्ट धरली. "मॅडम..."

अप्पांनी मान वळवली. रिकाम्या लिफ्टमध्ये मागे, उजवीकडे, डावीकडे पाहिलं. खूप दिवसांनी माणसं भेटल्यावर हसतात तसे हसले.

"सगळी एकदम नको रे," ते म्हणाले. "तिघां-चौघां उतरा. मागसून येवा."

आकडा खाली आला. एक हजार सत्तर. एक हजार दहा. नऊशे पन्नास.

बझर थांबला. दार मिटलं. लिफ्ट वर गेली.

लॉबीत मी एकटीच उभी होते. माझ्या हाताशी, भिंतीवरचं वर जायचं बटण पेटलं.