खवले की केस?

दार न वाजवता घुसणाऱ्या माणसांची तिला भयंकर चीड. आणि हा तर गुडघ्यापर्यंत ओली पँट घेऊन आत आला!

"माझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलाय. पाच मिनिटं तुमच्याकडे—"

संग्रहालयात ती रानातल्या पतंगांवर काम करायची, तो ओढ्यातल्या कीटकांवर. सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत. ती नाइलाजाने सरकली. त्याने भिंगाला डोळा लावला... आणि तसाच थिजला.

"अहो, हा तर पाण्यातला किडा!"

"काहीतरीच काय! नवा पतंग आहे तो. तीन वर्षं घासलीयेत मी त्याच्यापायी. उद्या शोधनिबंध छापायला जातोय."

त्याने खिशातून डबी काढली आणि ओढ्यात वाढून पंख फुटलेला एक किडा चिमट्याने शेजारी ठेवला. "पतंगाच्या पंखांवर खवले असतात, बोटाला भुकटी लागते. इथे बघा...?"

तिने पाहिलं. दोन्हीकडे केस. बारीक, दाट केस! तिच्या पायाखालची जमीनच सरकली. रानात लावलेल्या दिव्यावर आला, म्हणून पतंग. आणि खवले? ते झडले असतील, असं तिनेच ठरवून टाकलं होतं! कुठून आठवली ही अवदसा?

"दिवा खरंच गेलाय का हो तुमचा?" तिने एकदम विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "नाही... परवा तुमच्या भिंतीवर याचं चित्र पाहिलं, तेव्हाच शंका आली."

"आणि आज बोलताय?"

"धीर होईना. वाटलं, पुन्हा तोंडसुद्धा बघणार नाही तुम्ही माझं. पण उद्या चारचौघांत तुमचं हसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं."

"का? तुम्हाला काय त्याचं?"

"आवडता तुम्ही मला," तो बोलून गेला, आणि स्वतःच दचकला.

अगं बाई! एका सकाळी माणसाने धक्के तरी किती खायचे? रडावं की हसावं, तिला कळेना. तिने डोळे पुसले, फोन उचलला आणि आपल्या मार्गदर्शक सरांना लावला.

"सर, निबंध थांबवा. तो पतंग नाहीये, पाण्यातला किडा आहे."

"काय?" सरांचा आवाज खोलीभर घुमला. "कुणी सांगितलं तुला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओली पँट, लाल कान, हातात चिमटा...

"माझ्या होणाऱ्या नवऱ्याने," ती म्हणाली.

चिमटा खणकन फरशीवर पडला. "अहो, पण... मी अजून विचारलंच कुठे?"

"मग विचारा की," ती म्हणाली, "सर ऐकतायत."