रोहिणीकाकूंची भिंत

"मांडणी आणखी चार बोटं डावीकडे घ्या," कदम सर हातातल्या फोनच्या पडद्यावर नजर ठेवून म्हणाले, आणि आळीतल्या दोघांनी ती उचलून सरकवली. केतकीने सवयीने हात लांबवला, तर चहाचं पातेलं बरोबर हाताखाली आलं. जळून गेलेल्या स्वयंपाकघरात ते तिथेच असायचं. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर काटा आला. भिंतीपलीकडच्यांना आपलं इतकं सगळं ठाऊक होतं?

कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाची सूचना वेळेवर मिळावी म्हणून पाच वर्षांपूर्वी घरोघरी भिंतीत कंपपेट्या बसल्या होत्या. जमिनीची बारीकशी थरथर टिपायची, एवढंच त्यांचं काम. पण डोंगराच्या पोटातली कुरबुर जिला कळते, तिला शेजारच्या मांडणीवर ठेवलेलं भांडं का कळू नये? माणसाची चालही ती ओळखायची. केतकीचे सासरे अण्णा उजवा पाय ओढत चालत. तो ठसा पेटीने केव्हाच पक्का करून ठेवला होता. विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या कदम सरांनीच मग कल्पना काढली, की आजूबाजूच्या पेट्यांमधल्या नोंदी जुळवून जळालेलं घर होतं तसं पुन्हा मांडायचं. ज्याची पेटी त्याची संमती लागे, आणि ती सगळ्यांनी आनंदाने दिली.

दीड महिन्यात आळीने भिंती उभ्या केल्या, पत्रे चढवले, गाद्या भरून आणल्या. सगळ्यांत जास्त राबल्या त्या लागूनच राहणाऱ्या रोहिणीकाकू. दोन्ही वेळचा डबा त्यांचा, अण्णांची पथ्याची भाकरी त्यांची, गिलाव्यावर पाणी मारायलाही त्याच हजर. शेजारीण असावी तर अशी, असं जो तो म्हणे. केतकीला मात्र अलीकडे ते खटकू लागलं होतं. माणुसकी म्हटली तरी तिला काही माप असतं.

आग अण्णांच्या हातून लागली, हे तोंडावर कुणी बोलत नसलं तरी धरून सगळेच चालले होते. केतकीच्या नवऱ्याचे, ओंकारचे चुलते वारले होते आणि घरात सुतक होतं. दहाव्याला केतकी त्याच्याबरोबर कराडला गेली, अण्णा एकटे घरी राहिले. दिवेलागणीला देव्हाऱ्यापासून आग सुरू झाली. सुतकात देवापुढे घरच्यांनी दिवा लावायचा नसतो, पण अण्णांना हल्ली काल जेवल्याचं आठवत नसे, तिथे सुतक कुठलं आठवायला? विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "लावला असेल बाबा मीच." ओंकारने साताऱ्याच्या वृद्धाश्रमात जागा ठरवली. येत्या रविवारी त्यांना पोचवायचं होतं, आणि अण्णांनी स्वतःच पिशवी भरून ठेवली होती.

"देव्हाऱ्याची जागा तेवढी नक्की होत नाही," कदम सर म्हणाले. "शेवटच्या दिवसाची नोंद असती तर बरं झालं असतं."

"मग ती का नाही?"

"तुमची पेटी जळाली. उरली रोहिणीबाईंची. त्यांनी तेवढा दिवस वगळून संमती दिलीय."

आधी केतकीला वाटलं, काकू अण्णांना सांभाळून घेत असतील. मग वाटलं, जे सगळ्या आळीला ठाऊक आहे ते झाकून मिळणार काय? ती तशीच शेजारी गेली.

काकू पोळ्या लाटत होत्या. "अगं, म्हाताऱ्या माणसाची अब्रू कशाला काढायची," त्या वर न बघता म्हणाल्या.

"अब्रूचं काय राहिलंय, काकू? रविवारी जातायत ते."

"या रविवारी? ओंकार तर दिवाळीनंतर म्हणाला होता."

तव्यावरची पोळी करपली तरी काकूंनी ती उलटली नाही. मग त्यांनी पीठ पुसून हात कोरडा केला, फोनवर संमतीचा अंगठा टेकवला आणि फोन केतकीच्या हातात दिला.

नोंद पावलांच्या आवाजात उलगडत गेली. अण्णांचा ओढता पाय परसात गेला, परत आला, आरामखुर्ची करकरली. थोड्या वेळाने मागच्या दाराने भरभर पावलं आली. देव्हाऱ्याशी थांबली, परत गेली. खुर्ची तेवढ्या वेळात एकदाही रिकामी झाली नव्हती. त्या पावलांखाली काकूंच्या पेटीने ओळख दाखवली होती: याच घरची, रोहिणी.

"अण्णांनीच परसातून हाक मारली," काकू म्हणाल्या. "म्हणाले, आमच्या हातून चालत नाही, देव अंधारात बसलेत, तू तेवढा लाव. मी लावला आणि आले. वर पडदा सैल लोंबतोय, ते नाही बघितलं."

"आणि दीड महिना गप्प बसलात?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते गं. पण सगळ्यांनी अण्णांना विचारलं आणि त्यांनीच मान डोलावली. मग मला सोपं झालं."

केतकीला संताप आला. आणि त्याच संतापात तिला कळलं, की तिलाही ते सोपंच झालं होतं. खाणाखुणा न तपासता तिनेही अण्णांवरच बोट ठेवलं होतं, आणि वृद्धाश्रमाचं नाव निघालं तेव्हा तिला मनातून थोडं हायसं वाटलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

नव्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. केतकी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"अण्णा, दिवा तुम्ही लावला नव्हता. पेटीत नोंद आहे. तुम्ही खुर्चीतून उठलाच नव्हता. कुठेही जायचं नाही तुम्ही."

अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"पेटी खोटं कशाला सांगेल," ते म्हणाले. "पण पोरी, काडी ओढणारा हा हात मला रोज दिसतो. वात पेटताना दिसते. मी लावलाच नव्हता, तर हे माझ्या डोक्यात आणून कुणी ठेवलं?"