खोळंबलेली पंगत

जळोचीच्या समाजमंदिरात ज्ञानेश मास्तर महिन्यातून एकदा वेगळ्या वाटेचे सिनेमे दाखवत. या रविवारी सकाळी लावला तो जगाच्या अंताचा. कुणा नवख्या दिग्दर्शकानं इंदापूरकडच्या एका वस्तीवर काढलेला. ना आग, ना भूकंप. अंगणात ओळीनं वाढलेली ताटं, आणि पावणेतीन तास कॅमेरा जागचा हलत नाही.

उसाच्या ट्रॉलीमागं तासभर निमूट अडकून राहणारी माणसं इथं मात्र उखडली. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे अभिप्रायाच्या चिठ्ठ्या घेतल्या. चौदांतल्या अकरा शिव्यांच्या होत्या. ‘मोकळं अंगण बघायला घरचं काय वाईट?’ तिघांनी मात्र सिनेमा डोक्यावर घेतला होता. तात्याबांनी लिहिलं होतं, ‘पंगतीतली माणसं लई जिवंत वाटली.’

पंगतीत माणसं? मास्तरांना तर एकही दिसलं नव्हतं. रसिकांना नसलेलंही दिसतं म्हणून ते हसले.

सोमवारी तात्याबा दोडक्याच्या मळ्यातून जेवायला निघाले ते घरी पोचलेच नाहीत. बुधवारी सारजाकाकू डेअरीत दूध घालून परतल्या नाहीत. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, कालवा पाहिला.

गुरुवारी मास्तरांनी चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. कौतुकाच्या तीन. तात्याबा, सारजाकाकू, आणि अनिता. त्यांची बायको.

तिची चिठ्ठी फाडून त्यांनी दुसरी लिहून घेतली, ‘सिनेमा रटाळ आहे.’ तिनं हसत सही केली. तरी त्यांना राहवेना. तिला काय दिसतं ते कळायलाच हवं होतं. भर दुपारी त्यांनी घरीच लॅपटॉपवर तो सिनेमा लावला.

“कोण दिसतंय तुला?”

“समदी बसल्यात की. तात्याबा हायत, सारजाकाकू हायत.”

“जेवतायत?”

“न्हाय. हात मांडीवर ठेवून बसल्यात. पंगत पुरी झाल्याबिगर कोण घास मोडंल?”

मास्तरांना नुसती ताटं दिसत होती. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“काकूंच्या शेजारचा एकच पाट मोकळा हाय,” अनिता हळहळली. “अवो, वाढलेल्या अन्नापुढं माणसांना ताटकळत ठेवू न्हाय.”

“तू उठू नकोस. पाया पडतो तुझ्या.”

ते दाराला कडी लावायला वळले. तेवढ्यापुरताच हात सुटला.

कडी लागली.

खोलीत ते एकटेच होते.

पडद्यावर अंगण तसंच होतं, निर्मनुष्य. मग सगळ्या ताटांतल्या भाकऱ्या एकदमच मोडल्या.