मानमोडीची लस

बारामतीजवळ कोंबडीची पिलं उबवणाऱ्या एका हॅचरीत पद्मा एका दिवसाच्या पिलांना मानमोडी रोगाची लस टोचायची. लस आणणारा नेहमीचा माणूस त्या सोमवारी आला नाही. आला तो अजित – उंच, घामाघूम, हातात लस गोठलेली ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा जड कॅन. झाकण काढताच पांढरी वाफ उसळली आणि तो दचकून मागं सरला.

पद्माला हसू फुटलं. "पहिल्यांदाच उघडताय वाटतं?"

"कॅन नाही हो... असं कुणी बघत असताना पहिल्यांदाच."

मग तो दर सोमवारी येऊ लागला. पद्मा कॅनमध्ये पट्टी बुडवून नायट्रोजन मोजायची, आकडा वहीत लिहायची. नायट्रोजन उतरला की आतली लस मेली, एवढं तिला ठाऊक होतं. बाकीचं अजितनं सांगितलं.

"हा टर्की पक्ष्याचा विषाणू. कोंबडीला काही करत नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्यात मानमोडीच्या विषाणूचा एक तुकडा बसवलाय. हा पिलाच्या अंगात राहतो आणि पिलू मानमोडीला ओळखायला शिकतं. कायमचं."

"एवढंसं पिलू... कायमचं लक्षात ठेवतं?"

"माणसंही ठेवतात," तो हळूच म्हणाला. पद्माच्या ओंजळीतलं पिलू चिवचिवत राहिलं; तिला सुई उचलायचं भान राहिलं नाही.

चैत्रातल्या एका सोमवारी तो दुपार उलटल्यावर आला. कान लालबुंद.

"बावड्याला गेलो होतो. तुमच्या आईंकडं... मागणी घालायला. हो म्हणाल्या."

त्या दिवशी वाफ जेमतेमच उठली. दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं. पट्टी भिंतीलाच टांगलेली राहिली आणि पद्मानं मागच्या सोमवारचाच आकडा वहीत उतरवला.

त्या दिवशी टोचलेलीच पिलं बावड्याला तिच्या आईच्या, कुशाबाईच्या शेडात गेली. पंचविसाव्या दिवशी त्यांच्या माना वाकड्या व्हायला लागल्या. आठवड्यात शेड सुनं झालं.

अजित हॅचरीच्या फाटकाशीच भेटला. "त्या सोमवारी आईंच्या अंगणात कॅन उन्हात राहिला. झाकण नीट बसलं नव्हतं. साहेबांना सांगून आलोय, चूक माझी आहे. वहीचं मी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका."

"आकडा मी लिहिला होता."

"पद्मा, घर तुमच्यावर चालतं..."

ती आत गेली. साहेबांपुढं वही उघडून तिनं बोट ठेवलं. "हा आकडा खोटा आहे."

दोघांचीही नोकरी गेली.

कुशाबाई मेलेल्या पिलांच्या खड्ड्यात चुना टाकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "खरं बोलला, बरं केलं त्यानं. पर त्याला जावई म्हणून ओसरीवर बसवलं, की मला ही पिलं दिसतील. न्हाय जमायचं मला."

"आणि मी दिसले की?"

"तू लेक हायस माझी." कुशाबाईचा हात थांबला नाही.

अजितला लांब, नांदेडकडं काम मिळालं. इंदापूरच्या स्टँडवर पद्मा त्याला भेटायला आली.

"मागणी तुम्ही आईकडं घातलीत," ती म्हणाली. "मला कधी विचारलंच नाही."

"आता... आता विचारू?"

"विचारा."

"लग्न कराल माझ्याशी?"

"हो," पद्मा म्हणाली. "पण आईला सोडून येता येणार नाही मला."

कंडक्टरनं घंटी दिली. अजित गाडीत चढला. गाडी वळून दिसेनाशी झाली, तशी पद्मा बावड्याच्या गाडीत जाऊन बसली.